तिसरी धार

"हाच का तो कडा?" जनाबाईनं विचारलं.

 तिचा नवरा डोमा डोक्याचा शेला सोडून पुन्हा बांधू लागला. समोर कमरेएवढा एक खडक होता. त्यावर कुणाची तरी शेळी उभी राहून बोरीची डहाळी ओढत होती.

"इथूनच तुमी पोटावर सरकत गेलते? श्वास रोखून?"

"पावसानं झिजला असन," डोमा म्हणाला.

जनाबाई हसली नाही. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, खडकावर हात टेकला आणि पलीकडं उतरली.

नाकाडोंगरीकडच्या त्यांच्या गावाला डोंगराच्या तीन धारांनी तिन्ही बाजूंनी कवेत घेतलं होतं. एका टोकानं चढायचं, मधल्या माथ्यावरच्या देवाला गावाचा नारळ फोडायचा आणि दुसऱ्या टोकानं उतरून दिवे लागायच्या आत घरी यायचं, असा तो फेरा. धान घरात आलं की डोमा आणि त्याचा दोस्त सुखराम दर फाल्गुनात तो करत. दुसरं कुणी त्या वाटेला जात नसे. मग वर्षभर पारावर डोमाची गोष्ट चाले. कड्याखाली वाऱ्यानं कसं ओढलं, गुहेतल्या अस्वलानं कशी गुरगुर केली. ऐकणाऱ्यांच्या हातातली विडी विझून जाई.

सुखराम गेल्या पावसाळ्यात वारला. सत्त्याहत्तर सालचा फाल्गुन लागला, पळस पेटले, तरी डोमा डोंगराचं नाव काढेना. शेवटी जनाबाईच म्हणाली, "मी येते संगं." शेजारच्या गिरजाबाईनं तिला दारातच गाठलं. "जाय वं बाई. खरं काय नं खोटं काय, पाहून ये एकदाची. लय वर्सं झाले आयकून राहिलो." पारावरची पोरं खो खो हसली होती.

अस्वलाची गुहा आली. तिच्यात डुकरालाही वाकूनच शिरावं लागलं असतं. जनाबाईनं आत डोकावलं आणि ती पुढं चालू लागली. चढ मात्र खरा होता. छातीचा भाता झाला, पिंढऱ्या दगड झाल्या. माथ्यावर नारळ फोडला. तिनं तांदळाच्या दोन भाकरी आणि ठेचा पुढं केला. डोमानं भाकरीला हात लावला नाही.

त्याला लाज वाटत असेल, असं तिला वाटलं. "राहू द्या," ती म्हणाली. "गोष्ट तं चांगली होती ना."

डोमा ऐकत नव्हता. तो पुढं बघत होता.

पुढं तिसरी धार होती. त्याच्या गोष्टीत ती कधी आलीच नव्हती. नारळ फुटला की तो म्हणे, "मंग काय, उतरलो नं आलो घरी." जनाबाईनं ती आता पहिल्यांदा पाहिली. नांगराच्या फाळासारखी अरुंद. दोन्ही अंगांना सरळ तुटलेली. धरायला झाड नाही, झुडूप नाही, पायाखाली नुसते काळे सुटे दगड. वारा असा की पदर अंगावर ठरेना. आणि उजेड आहे तोवर गावात पोचायचं तर दुसरी वाट नव्हती.

डोमा खाली बसला. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं होतं.

"मले इथं चक्कर येते, जना. पयल्या खेपेपासून. सुखराम हात धरून नेये मले. दरसाल. कोणाले बोलला नाई बिचारा."

"मंग दरसाल काहून येत होते?"

"गावानं नारळ माह्या हाती देल्ला होता. नाई कसा म्हणू?"

 कडा खोटा निघाला तेव्हा जनाबाईला जरा वाईट वाटलं होतं. आता तिला या माणसाचं नवल वाटलं.

तिनं त्याचं मनगट धरलं. भर पावसात डोक्यावर रोपांची पेंढी घेऊन निसरड्या बांधांवरून चालण्यात तिचा जन्म गेला होता. "खाली नका पाहू," ती म्हणाली. "माह्या पाठीकडं पाहा."

ती पुढं, तो मागं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं चालायची ही पहिलीच वेळ. मध्येच तिच्या पायाखालचा एक दगड निसटला. तो आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला. डोमा मटकन बसला. तिनं त्याला ओढलं नाही. तीही बसली. मनगट मात्र सोडलं नाही. वारा पडला तशी दोघं उठली. कधी उभ्यानं, कधी बसून, कधी चक्क रांगत ती दोघं पलीकडच्या मोहाच्या झाडाखाली पोचली. तिथं डोमानं दोन्ही भाकरी खाल्ल्या. मग एक मोहफूल उचलून त्यानं तिच्या हातावर ठेवलं.

"गावात काय सांगशील?" त्यानं हळूच विचारलं.

"उठा. दिवस चालला."

दोघं गावात शिरली तेव्हा घराघरांत कंदील लागत होते. पारापाशी गिरजाबाई वाटच बघत होती. तिच्यामागं चार बाया, आणि हसू दाबत उभी असलेली पोरं. डोमा खाली मान घालून वहाणा काढू लागला.

"बोल वं जना," गिरजाबाई म्हणाली. "खरं का खोटं?"

जनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. नवऱ्याकडं एकदा बघितलं.

"खोटंच बाई," ती म्हणाली. "यायनं तं अर्धंबी नाई सांगतलं."