साठावा इशारा

प्लोवदिवच्या इस्पितळात डॉ. रालित्साने स्तामेन आजोबांना पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहिलं. संगणकावर लाल इशारा आला. सकाळपासूनचा तो साठावा असेल. न वाचताच तिने बंद केला.

जिन्यात पोचल्यावर तिच्या डोळ्यांपुढे त्यातला शब्द आला: ॲलर्जी. ती उलट्या पावली धावली. नर्स रिकामी सिरिंज टाकून देत होती.

"आजोबा, धाप लागतेय का? घसा आवळतोय?" नाडी धरताना तिला रडू फुटलं.

"मी ठीक आहे. तू का रडतेस, पोरी?"

"पेनिसिलिन तुम्हाला चालत नाही ना! तुम्हीच लिहून दिलंय."

म्हातारा ओशाळला.


"सैन्यात सुई चुकवायला थाप मारली होती गं. पुढे बायकोला खरं सांगायची लाज वाटली, म्हणून सगळीकडे तेच लिहीत आलो."