दाबा, धरा, सोडा

जुनी गाडी घेऊन चार दिवस झाले होते. कूलंट रोज कमी व्हायचं, पण जमिनीवर थेंब सापडायचा नाही. ब्रेकही मऊ लागायचा. सोमवारपासून अपेक्षाला याच गाडीतून पाळणाघरात न्यायचं होतं, म्हणून मीच हट्टाने ती घोडपदेवला कोंडीरामकाकांच्या गॅरेजमध्ये आणायला लावली.

ब्रेकच्या नळीतली हवा काढायची होती. काका गाडीखाली शिरले आणि पेडल दाबायला माझा नवरा हितेंद्र आत बसला. मध्ये चहा झाला, मग काका पुन्हा खाली गेले. मी अपेक्षाला कडेवर घेऊन डिकीपाशी उभी होते.

"दाबा. धरून ठेवा. हां, सोडा."

थोड्या वेळाने काका खालूनच म्हणाले, "वैनी, आता साहेबांचा पाय बरोबर बसला बघा. मघाशी नुसती घाई करत होते."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात समोरच्या दुकानातून कूलंटचा कॅन घेऊन रस्ता ओलांडणारा हितेंद्र दिसला.

"दाबा," काका म्हणाले.

मी पुढे होऊन खिडकीतून पाहिलं. सीट रिकामी होती. पेडल हळूहळू खाली गेलं आणि तिथेच थांबलं.

अपेक्षा हसली. कोणी घ्यायला हात पुढे केले की ती झेपावते, तशी ती सीटकडे झेपावली.