कमरेचं हाड

लूमवरून उडालेल्या धोट्यानं राहनाळच्या ठकुबाईच्या नाकाचा चुरा केला, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. तेव्हा मुंबईच्या सर्जननं तिच्याच कमरेचं हाड काढून नाक उभं केलं होतं. आता कंबर उठू देईना, म्हणून सून रुचिका तिला भिवंडीत डॉक्टरांकडे घेऊन आली होती.

"आई, नाकाचं पण दाखवून घ्या. असं बसवलेलं हाड झिजतं म्हणे."

"तू तवा जन्मली पन नव्हतीस, नि मला माज्या नाकाचं शिकवतेस?" ठकुबाईनं फटकारलं खरं, पण धसका तिलाही होता. नाक बसलं तर पुन्हा कापाकापी, आणि तेवढं बळ आता अंगात उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी नाकाचा एक्स-रे उजेडावर धरला. "वर्षं जातात तसं हे हाड थोडं विरतंच. तुमचं जसंच्या तसं आहे, मावशी."

"असनारच. ठकुबाईचं हाड हाय ते."

मग त्यांनी कमरेचा एक्स-रे लावला. पुन्हा काढायला लावला. तोही तसाच आला.

"मावशी, उजव्या कमरेवर व्रण आहे. पण आतलं हाड अखंड आहे. इथून कुणी काही काढलेलंच नाही."

"मंग नाकात हाय ते कुनाचं?"

तिच्या नाकाच्या दांडीवर अंगठा टेकवून डॉक्टरांनी हलकेच दाबलं. "दुखतं?"

"न्हाय."

मागच्या बाकावर रुचिका किंचाळली, आणि उजवी कंबर दोन्ही हातांनी धरून खाली कोसळली.