उजवीकडे बंद

दिवा लागला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडून बसवलेला तो इवलासा हिरवा दिवा पहिल्याच झटक्यात लागला, आणि लेकीने टेबलावर अशी थाप मारली की सगळे स्क्रू उडाले. तीन आठवडे खपून केलं होतं तिने. डब्यात ट्रान्सफॉर्मर, डब्यावर मोठा नॉब, पुढे लाल आणि काळी अशी दोन टोकं. नॉब फिरवाल तेवढे व्होल्ट बाहेर. आता कोणाचंही बंद पडलेलं यंत्र येऊ दे, त्याला हवे तेवढेच व्होल्ट देऊन बघता येणार होतं. तिला नाचावंसं वाटत होतं, आणि ती थोडीशी नाचलीही.

खुर्चीतून वडील बघत होते. चाळीस वर्षं प्लंबर, आणि खांदा निकामी झाल्यापासून पाच महिने ह्याच खुर्चीत. माणूस डोळ्यांदेखत गंजतोय, असं आई म्हणायची. लेक लहान असताना त्यांची मदतनीस तीच. ते गच्चीवर टाकीचा कॉक उघडायचे, ती खाली नळाशी उभी राहायची आणि पाणी आलं की ओरडून सांगायची. आता तिने दुरुस्तीच्या कामात हाताशी या म्हणून दोनदा विचारलं, तर त्यांनी दोन्ही वेळा हसण्यावारी नेलं. मी पाण्याचा माणूस, विजेचं आणि माझं जमायचं नाही, म्हणाले. कोणी कीव करून काम देत असलं तर त्यांना ते लगेच कळायचं.

पण आज तिला खरोखरच तिसरा हात हवा होता. गाडीचा बारा व्होल्टचा दिवा डब्याला जोडलेला, मीटरच्या दोन सुया दोन्ही हातांनी दाबून धरलेल्या, नजर आकड्यावर. नॉब फिरवायचा कशाने, नाकाने?

“बाबा, जरा इकडे या ना. हा नॉब हळूहळू उजवीकडे फिरवा.”

ते शर्टाला हात पुसत आले. नॉब धरला, दिवा मंद पेटला, आणि इतके दिवस पडलेला त्यांचा चेहरा बघता बघता उजळला. सहा. नऊ. बारा. आकडा तेराच्या पुढे सरकला तशी लेक म्हणाली, बस, बंद करा.

‘बंद करा’ म्हटलं की चाळीस वर्षं तो हात एकाच बाजूला गेला होता. उजवीकडे. तेही नुसतं नाही, थेंब गळता कामा नये असं घट्ट. सोळा, वीस, पंचवीस. दिवा पांढराफेक झाला आणि फट्दिशी गेला.

त्यांनी हात पाठीमागे नेला. लेक सांगत होती की नुसता दिवाच गेलाय, डब्याला काही झालेलं नाही, दिवे अजून चार आहेत. पण त्यांनी ऐकून घेतलं नाही. नळवाल्याला विजेजवळ बसवूच नये, एवढं पुटपुटून ते खुर्चीकडे परत गेले.

लेकीला आधी राग आला, मग एकदम हसू फुटलं. अहो, चूक हाताची कुठे होती? जगातले सगळे नॉब उजवीकडे वाढतात, तर वाढोत बापडे. हा डबा तर तिने बनवला होता! तिने प्लग काढला, झाकण उघडलं आणि नॉबच्या मागच्या तीन पायांपैकी एका कडेची वायर सोडवून दुसऱ्या कडेला जोडली. पाच मिनिटांचं काम. नवा दिवा लावला. मग स्केचपेनने डब्यावर ठळक लिहिलं, ‘बंद’, आणि पुढे उजवीकडे बाण काढला.

“बाबा, या. आता नळासारखा केलाय.”

“माझ्यासाठी उलटा केलास? लोक हसतील गं.”

“हसू देत. मला रोज तिसरा हात लागणार आहे.”

त्यांनी तिच्याकडे निरखून बघितलं. तिच्या दोन्ही हातांत सुया होत्या, दातांत स्क्रू ड्रायव्हर होता आणि नाकावर घाम आला होता. कीव बीव करायला तिला सवड दिसत नव्हती. मग ते उठले आणि खुर्ची ओढत टेबलापाशी घेऊन आले. बसले. शर्टाला हात पुसून नॉब धरला आणि डावीकडे फिरवायला लागले, अगदी जपून. दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“आलं का?” त्यांनी विचारलं.

दिवा दोघांच्या मध्ये हातभर अंतरावर पेटला होता. तरीही तिने दातांतला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर टाकला आणि गच्चीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, “आलं, बाबा, आलं!”