जुनं नाव राहतं

सगळं ठीक असलेल्या त्या शेवटच्या दुपारी बाबा आल्याच्या कुळातल्या वनस्पतींची नव्याने मांडणी करत बसले होते. त्यातली दोन फुलं त्यांनीच तरुणपणी जंगलात शोधली होती. पहिल्याला दादाचं नाव दिलं, नंतर सापडलेल्याला माझं. भिंगावरून मान वर करत ते मला म्हणाले, "बाईसाहेब, तुमचं फूल गेलं. दोन्ही एकच निघाली. अशा वेळी जुनं नाव राहतं, नवं रद्द होतं."

"अहो, राहू द्या की तिचं," आई म्हणाली. "कुणाचं काय घोडं मारलंय तिने?"

"शास्त्रात लाड चालत नाहीत," बाबा हसले. मीही हसले आणि त्यांची औषधं काढून दिली. मग त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "दादा कधी येतोय?"

"येईल हो, सुट्टी मिळाली की," मीही रोजच्यासारखं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना झटका आला. दवाखान्यातून मी परदेशात असलेल्या दादाला फोन केला. "मी येऊन काय करणार? तू आहेस ना," तो म्हणाला. संध्याकाळी बाबांनी डोळे किलकिले केले, माझा हात घट्ट धरला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आलास बाळा? मला ठाऊक होतं, शेवटी तूच येशील."

 

"दादा येणार नाही, बाबा," मी म्हणाले. "त्याला कधीच यायचं नव्हतं. ही मी आहे."