दुपारची झोप

सखू गाठोडं घेऊन अनाथाश्रमाच्या दारात उभी राहिली, तेव्हा अनुसयाबाईंच्या हातातली परात पडता पडता राहिली. वैशाखात लग्न करून कनेरगावला दिलेली पोर श्रावणात परत आली होती, तीही एकटी. नवरा नाही, सासरचं कुणी नाही.

अनुसयाबाई हिंगोलीच्या त्या आश्रमातच वाढल्या आणि पुढे तिथल्या मोठ्या पोरींना बाहेरच्या जगासाठी तयार करू लागल्या. निजामी अमलाचे दिवस. अनाथ पोरीच्या पाठीशी कोण उभं राहणार? म्हणून निघायच्या आधी वर्षभर त्या पोरीला नुसत्या पिळून काढत. बाजारात एकटीला पाठवत. अख्ख्या आश्रमाच्या भाकरी थापायची सवय मोडून दोघांपुरतं पीठ घ्यायला शिकवत, आणि तेच पोरींना काही केल्या जमत नसे. निरोप देताना मात्र सगळ्यांना एकच बजावत: आता आपल्या पायावर उभं राहायचं, मागे फिरायचं नाही. आजवर एकही पोर परत आली नव्हती. बाईंना त्याचा केवढा अभिमान होता.

आता ही आली.

बाईंनी आधी तिचे हात बघितले. वळ नव्हते. हिरव्या बांगड्या नव्याकोऱ्या होत्या. नवरा मारतो का, सासू उपाशी ठेवते का, असं आडून आडून विचारलं. सखू नाही म्हणाली आणि भाकरी मागून घेतली. पोटभर जेवली, ताट तिथेच ठेवलं. आश्रमात दिवसा कधी जमिनीला पाठ न टेकणारी ती पोर भर दुपारी ओसरीवर पसरली आणि गाढ झोपली.

बाईंचं काळीज चरकलं. पोरीनं हाय खाल्ली, नांदणं मोडलं, दुसरं काय! त्या स्वतःवरच चिडल्या. घाई झाली, अजून वर्षभर ठेवून घ्यायला हवी होती. उद्या स्वतः कनेरगावला जायचं, वेळ पडली तर सासूचे पायही धरायचे, असं त्यांनी ठरवून टाकलं. शेजारच्या आळीत पोरं निंबाला झोका बांधत होती. त्यांच्या गलक्यानंही सखू जागी झाली नाही.

ऊन उतरल्यावर ती उठली. आळस दिला, केस सोडले आणि तेलाची वाटी घेऊन बाईंपुढे पाठ करून बसली. बाई तेल चोळू लागल्या, पण आता त्यांना राहवेना.

“सखू, खरं सांग. काहून आलीस?”

सखूला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिला हसू फुटलं.

“बाई, परवा पंचमी हाय. गल्लीतल्या समद्या सुनांला न्यायला कुणाचा भाऊ आला, कुणाचा बाप आला. सासू म्हणली, तुला न्यायला कोण येतंय? म्या म्हणलं, आमच्या बाईला लई लेकरं हायेत, त्यायला सवड न्हाई. मंग सासूनंच शेजारच्या गाडीत बसवून दिलं. पंचमी झाली की जाते.”

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. आश्रमात पंचमीला पुरणाची दिंडं होत, पण तिथून कधी कुणी माहेरी गेलं नव्हतं आणि तिथे कधी कुणी माहेरी आलं नव्हतं. हे त्यांच्या ध्यानात येणार तरी कसं? त्यांना हसूही आलं आणि डोळेही भरले. त्या पुन्हा तेल चोळू लागल्या.

थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला. आजवर एकही पोर परत आली नव्हती.

“येणी तुझी तूच घाल,” त्या उठत म्हणाल्या. “मला गाडी सांगायची हाय. तिकडं गोरेगावला दिलेली आपली द्रुपदा दाराकडं बघत बसली असंल.”