नमस्काराचं वळण

पहिली विनाचालक गाडी घाटात दरीत कोसळली. असं काही झालंच नाही, असं कंपनीच्या बैठकीत एकमताने ठरलं. म्हणून दुसऱ्या गाडीत तिची इंजिनिअर उर्वी स्वतः बसली, आणि शेजारी तिचे भीमराव मामा. मामांचं ड्रायव्हिंग बघूनच तर गाडी घाट चढायला शिकली होती.

देवीच्या देवळाचं वळण आलं. गाडीने दोनदा हॉर्न दिला आणि स्टिअरिंग सोडून दिलं.

समोर कठडा होता आणि कठड्यापलीकडे नुसते ढग. कठडा हातभर राहिला तेव्हा कुठे गाडीने स्टिअरिंग पुन्हा धरलं.

"मामा, हिने स्टिअरिंग सोडलं!"

"मग? नमस्कार काय एका हाताने करतात?" मामांचे हात अजून जोडलेलेच होते.

"म्हणजे तुम्ही तिला शिकवताना दर वेळी हात सोडायचात?"

"अगं पोरी, तेवढा वेळ मी गुडघ्याने सांभाळतो की स्टिअरिंग!"

दोघांनी एकदमच खाली वाकून बघितलं. मामांचा चेहरा पांढरा पडला.

"पुढे अजून देवळं आहेत?" उर्वीने विचारलं.

"मारुती आहे. ऐन उतारावर."

थांबवायचं बटण कंपनीने काढून टाकलं होतं, कारण त्यातून गाडीवर अविश्वास दिसतो. दारं मुक्कामालाच उघडणार होती. उर्वीने कार्यालयाला संदेश पाठवला:

"सदर गाडीस मारुतीच्या देवळापूर्वी गुडघे बसवून मिळावेत, ही नम्र विनंती."